हा लेट कोणाच्या खात्यात

भिलाई
१२ जानेवारी

रश्मी बेटा,

जय भीम. पोस्टाने पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू काय म्हणतेस ते मला कळत नाही आणि मी नुसता हो-हो करत राहतो. मागच्या खेपेला तू प्रमोशन मिळाल्याचं सांगत होतीस आणि मी म्हणालो, एकदा डॉक्टरला दाखवून घे. तुझी मामी अजून हसते त्यावर. कान माझ्या वडिलांचेही असेच साठीनंतर गेले होते, तुझ्या आईला विचार. मोबाईलवर टाइप करायला बसलो तर एका ओळीला अर्धा चहा थंड होतो. म्हणून कागद.

काम असं आहे. आमच्या विहारात तुझी मामी गाते आणि मी ढोलक वाजवतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आता तिची गाणी आमच्या नरेशच्या जुन्या कम्प्युटरवर भरून ठेवावीत असा विचार आहे. नरेशला विचारलं, तर तो हथखोजच्या कारखान्यातून घरी येतो तेव्हा त्याच्या अंगात बोलण्याचंही त्राण नसतं. म्हणून सुपेल्याला बाबुलालच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "अंकल, कम्प्यूटर का अपना साउंड बेकार होता है, बाहर से ऑडिओ इंटरफेस लगाना पडेगा." आणि तीन वस्तू काउंटरवर मांडल्या. एक अंगठ्याएवढी डबी, एक एका माइकचा डबा आणि एक दोन माइकचा डबा. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. फरक कशाचा विचारलं तर म्हणाला, "क्वालिटी का." रेल्वेत छत्तीस वर्षं काढली बेटा, क्वालिटी म्हणणारा माणूस पुढचं काही सांगत नाही हे मला कळतं.

तुझं कामच आवाजाचं आहे, म्हणून तुला विचारतो. पाच-सहा हजारांच्या आत बसेल असं काय घ्यावं? हेडफोन लावायची सोय डब्यातच असते का? त्याचं बटण वेगळं असतं का, म्हणजे माइकचं एक आणि कानाचं एक? आणि कानातला आवाज किती मोठा होऊ शकतो? कमी ऐकणाऱ्या माणसालाही पोचेल इतका होतो का?

हे मामीला फोनवर बोलू नकोस. तिला आयत्या वेळी दाखवायचं आहे.

तुझा मामा
नागसेन

—

पुणे
२० जानेवारी

मामा,

जय भीम. तुमच्यामुळे मला आमच्या भागातलं पोस्ट ऑफिस सापडलं. तिथल्या बाई म्हणाल्या, पाकिटाला डिंक स्वतः लावा.

बाबुलालने उत्तर दिलं नाही, मी देते. कम्प्युटरला माइकसाठी जे भोक असतं ते ऑनलाइन मीटिंगपुरतं ठीक. गाणं त्यातून घेतलं तर खरखर येते आणि आवाज पोकळ होतो. इंटरफेसचं काम इतकंच, की माइकमधून आलेला बारीक आवाज नीट मोठा करायचा आणि कम्प्युटरला समजेल अशा आकड्यांत बदलून द्यायचा. मामींचा एकटीचा गळा भरायचा असेल तर एका माइकचा पुरे. ढोलक वेगळा भरायचा असेल तर दोन माइकचा, कारण मग नंतर एकाचा आवाज कमी आणि दुसऱ्याचा जास्त करता येतो. तुमच्या पैशांत एका माइकचा चांगला बसतो. दोन माइकच्या हव्यासापायी दोन्ही भोकं वाईट असलेला डबा घेऊ नका.

माइक साधा, हातात धरायचा घ्या, विहारात असतो तसला. बाबुलाल स्टुडिओवाला दाखवेल, तो अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालतो आणि फार नाजूक ऐकतो. तुमच्या घरात तो मामींच्या आधी कुकरची शिट्टी ऐकेल, मग शेजाऱ्यांचं भांडण आणि शेवटी मुंबई-हावडा लाइनवरच्या सगळ्या गाड्या.

आता माझा प्रश्न. गाणं भरणारा माणूस माइकबद्दल विचारतो. तुम्ही माइक कोणता घ्यावा याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही आणि हेडफोनबद्दल लागोपाठ चार प्रश्न विचारले. असल्या गिऱ्हाइकांशी माझा रोजचा संबंध आहे. मामा, खरं काय आहे?

तुमची
रश्मी

—

भिलाई
२ फेब्रुवारी

रश्मी बेटा,

तू तुझ्या आईवर गेलीस. सत्यभामाही अशीच, भाजीत मीठ कमी पडलं तर आधी माझ्या तोंडाकडे पाहायची.

खरं सांगतो. गाणी भरायची नाहीत. मला तुझ्या मामीचं गाणं ऐकायचं आहे.

कानात मशीन आहे, पण ढोलकवर थाप पडली की मशीन शीळ घालतं, म्हणून वाजवताना ते काढून ठेवतो. मग उरतो ढोलक. तो हाताला कळतो. तिचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो, शब्द नाही, सूर नाही, नुसता आहे इतकंच कळतं. गेली चार वर्षं तिच्या हाताकडे आणि ओठांकडे पाहून वाजवून राहिलो. कुणाला कळू दिलं नाही. चाललं होतं.

ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला फसलो. तिनं स्वतः बांधलेलं एक नवं गाणं होतं, "शाळेच्या दारात उभी माझी लेक". पहिल्या कडव्यातच माझा हात सुटला. ती कुठे आहे आणि मी कुठे आहे, काही पत्ता नाही. ती थांबली तरी मी वाजवतच होतो. पुढच्या रांगेतल्या गयाबाईने हात हलवला तेव्हा कळलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर विहाराच्या समितीतले लोक घरी आले. चहा प्यायले आणि म्हणाले, चौदा एप्रिलला कमलेशला ढोलकवर बसवू, पोरगं चांगलं वाजवते, नागसेन भाऊ, तुमी समोर खुर्चीवर बसा, मान तुमचाच. तुझी मामी म्हणाली, "बघू." ना हो, ना नाही. लग्न झाल्यापासून तिच्या गाण्याला दुसऱ्या कुणाची थाप पडलेली नाही, बेटा. मला खुर्ची नको. मला तिच्या उजव्या हाताला बसायचं आहे.

तर माझा हिशेब असा, की तिच्यासमोर माइक, माइकची वायर डब्यात, डब्याची वायर माझ्या कानात. ढोलक हाताला कळेल, ती कानात येईल.

तुझं पत्र आल्याबरोबर काल सुपेल्याला जाऊन तू म्हणालीस तसा एका माइकचा घेतला. बाबुलालने घरी येऊन कम्प्युटरला लावून दिला, कम्प्युटरमध्ये कुठेतरी एक खूण केली आणि माइकवर बोलला, "हॅलो चेक." आणि मी ऐकलं. मशीनशिवाय ऐकलं. मामीला आज दाखवतो.

मामा

—

पुणे
९ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मी स्टुडिओत वाचलं आणि बाहेर जाऊन चेहरा धुऊन आले. तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही म्हणून राग आला आहे, तो भेटल्यावर काढेन.

एका माइकचा घेतलात ते उत्तम. हेडफोन कान पूर्ण झाकणारा घ्या, म्हणजे ढोलकचा आवाज आत कमी शिरेल. आवाज एकदम वाढवू नका. हळूहळू वाढवा, आणि जिथे मामींचे शब्द कळायला लागतील तिथे थांबा, त्यापुढे केसभरही नको. उरलेले कान जपायचे आहेत. कानाच्या डॉक्टरांना एकदा विचारा, लाजू नका.

सध्या माझ्याकडे काम फार आहे, एका लेखकमहाराजांना स्वतःचं पुस्तक स्वतःच वाचायचं आहे आणि त्यांना स्वतःचं लिहिलेलं वाचता येत नाही. तरी तुम्ही लिहा. मामी काय म्हणाल्या ते सविस्तर लिहा.

रश्मी

—

भिलाई
२४ फेब्रुवारी

रश्मी,

मामी काय म्हणाली ते लिहितो.

पहिल्या दिवशी तिला समोर बसवून माइक दिला आणि हेडफोन लावला. तिनं आधी घसा साफ केला, तोही मला ऐकू आला. म्हणाली, "आता गाऊ काय?" मी म्हटलं गा. तिचा आवाज थोडा जाड झाला आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. चार वर्षांत पहिल्यांदा डोळे मिटून वाजवायला बसलो होतो.

पण जमेना. ती मागे पडत होती. मी थाप देतो आणि तिचा शब्द त्यानंतर येतो. दर वेळी. मी हात हळू केला, ती अजून मागे. मी थांबून म्हटलं, "आम्रपाली, तू लेट होऊन राहिली." ती म्हणाली, "नाई जी, मी तुमच्या हाताबरोबरच आहो." पुन्हा गायली, पुन्हा लेट. चार-पाच दिवस हेच. शेवटी पाचव्या दिवशी मी जरा जोरात बोललो. तुला माहीत आहे, मी मालगाडीचा गार्ड होतो. आमच्यात गाडी एक मिनिट जरी खोळंबली तरी तो लेट कुणाच्या तरी खात्यात लिहावा लागतो. सिग्नलच्या खात्यात, इंजिनच्या खात्यात, लाइनवाल्यांच्या खात्यात. लेट असा मोकळा सोडता येत नाही. मी तिला तसंच म्हटलं, की हा लेट तुझ्या खात्यात आहे, वय झालं, श्वास पुरत नसेल, मान्य कर.

तिनं माइक खाली ठेवला. म्हणाली, "बरं. मंग कमलेशले हो म्हणून सांगते. त्याले तरी मी लेट वाटनार नाही." आणि उठून पोळ्या करायला गेली. गेले पंधरा-वीस दिवस घरात गाणं नाही. जेवायला वाढते, औषध देते, बोलते सगळं. गुणगुणत नाही. आधीही ती गुणगुणायची की नाही हे मला ऐकू येत नव्हतं, पण ओठ हलायचे. आता ओठ हलत नाहीत.

मी खोटं बोललो नाही. माझ्या कानांनी ऐकलं. आता तूच सांग, साठीनंतर गाणाऱ्या बाईचा ताल असा मागे पडतो का? आणि त्यावर काही औषध असतं का?

मामा

—

पुणे
१ मार्च

मामा,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे. मिळाल्याबरोबर, चहाही न घेता, पुढचं करा.

कम्प्युटर सुरू करा. हेडफोन लावा. माइक हातात धरा आणि त्याच्या जाळीवर नखाने एकच टिचकी मारा. टिचकी बोटाला कधी कळते आणि कानात कधी येते ते बघा.

केलंत? बोटाला आधी कळली आणि कानात नंतर आली. बरोबर? आता ही टिचकी मामींनी मारली नव्हती. तुम्ही मारली होती. मग लेट कुणाच्या खात्यात?

मामा, तुम्ही अंगठ्याएवढी डबी घेतलीत ना? तीही एका माइकचीच असते आणि मी तुम्हाला नुसतं "एका माइकचा" म्हणाले. त्या डबीत आवाज सरळ कानात जाण्याची वाटच नसते. तो आधी कम्प्युटरात जातो, आणि बाबुलालने केलेल्या खुणेमुळे तिथून परत येतो. आणि कम्प्युटर आवाज सुटा-सुटा पाठवत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर तो मालगाडीचा अख्खा रेक भरेपर्यंत थांबतो. सगळ्या वाघिणी भरल्या की मगच सोडतो. नरेशचा कम्प्युटर जुना, त्यामुळे त्याचं लोडिंग आणखी ढिलं. बोलताना हे जाणवत नाही. गाण्यात सगळं बिघडवतं. वर तुम्ही डोळे मिटून बसलात. उघडे ठेवले असते तर मामींचे ओठ आधी हलताना दिसले असते.

तुम्हाला हवा तो डबा असा. पुढच्या बाजूला माइकचं बटण वेगळं, हेडफोनचं वेगळं, आणि "डायरेक्ट मॉनिटर" लिहिलेलं एक बटण. ते दाबलं की माइकचा आवाज कम्प्युटरच्या यार्डात न शिरता बायपासने सरळ कानात येतो. उशीर होत नाही. असा एका माइकचा डबा तुमच्या पैशांत येतो. बाबुलालला सांगा, दुकानातच लावून दाखव आणि तिथेच टिचकी मारून बघा. बोट आणि कान एकाच वेळी बोलले तर घ्या, नाहीतर ठेवून या, त्याने कितीही क्वालिटी म्हटलं तरी. आणखी एक विचारा, की हा मोबाईलच्या चार्जरवर नुसता चालतो का. काही चालतात. मग विहारात कम्प्युटर न्यायची गरज नाही.

पण डबा नंतर. आधी स्वयंपाकघरात जा. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यात लेट लिहिलेत, एकदा खोडून दाखवा.

रश्मी

—

भिलाई
१९ मार्च

रश्मी बेटा,

टिचकी मारली. बोट आधी, कान नंतर. दहा वेळा मारली. मग तुझं पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, "आम्रपाली, तू लेट नव्हती. डबी लेट होती." तिनं पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "मी हाताबरोबरच होती, मले माहीत होतं." मी म्हटलं, मग तेव्हाच ठासून सांगायचं. तर म्हणाली, "सांगतलं होतं." सांगितलं होतं, खरं आहे. मी माफी मागितली. नीट मागितली, हसण्यावारी नेली नाही.

नवा डबा बाबुलालने रायपूरहून मागवला. डबी परत घेताना तोंड वाकडं केलं, पण घेतली. दुकानातच टिचकी मारली, सगळी गिऱ्हाइकं पाहत होती. बोट आणि कान एकदम. चार्जरवरही चालतो.

आणि बेटा, मी तिला ऐकलं. "शाळेच्या दारात" पूर्ण ऐकलं. दुसऱ्या ओळीत "पाटी" म्हणताना ती एक छोटीशी मुरकी घेते, आवाज खाली येऊन पुन्हा वर चढतो. हे गाणं बांधून सहा महिने होत आले आणि ती मुरकी मी परवा पहिल्यांदा ऐकली. मी वाजवायचं विसरलो. रडलो, तुला काय लपवायचं. ती गात राहिली.

आता अडचण ऐक. उशीर गेला, तरी गाणं चालत नाही. सुरुवात बरी होते. मग पहिलं कडवं संपेपर्यंत गाणं हळू, दुसऱ्यात आणखी हळू, तिसऱ्यात घाट चढणाऱ्या लोड मालगाडीसारखं, आता थांबतं की मग थांबतं. मी तिच्या आवाजाबरोबर अगदी नीट जातो, एकही थाप इकडची तिकडे नाही. आणि तरी दोघं मिळून गाळात जातो. यावेळी मी तिला काही बोललो नाही. शहाणा झालो. माझाच हात गेला असेल. कमलेशला अजून हो सांगितलेलं नाही, पण समितीचे लोक एप्रिलच्या पहिल्या रविवारी विचारायला येणार आहेत. माझ्याने होत नसेल तर मी आपल्या तोंडाने सांगेन.

की या डब्यातही काही लेट आहे? टिचकीत सापडत नाही असा?

मामा

—

पुणे
२५ मार्च

मामी,

जय भीम. हे पत्र तुम्हाला आहे. मामांना द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मामा लिहितात, की डबा बरोबर आहे, त्यांचा हात बरोबर आहे आणि तरी गाणं हळू होत जातं. मी इथे दोन सहकाऱ्यांना विचारलं, यंत्रात असा दोष नसतो. यंत्र एकसारखं चुकतं, कडव्या-कडव्याला वाढत जात नाही. हे माणसांचं आहे. मामांना कळत नाही आणि मला इथून ऐकू येत नाही. तिथे बसून ऐकणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. तुम्हीच सांगा ना, काय होतं आहे?

तुमची
रश्मी

—

भिलाई
१७ एप्रिल

रश्मी,

जय भीम. तुझ्या पत्राले उत्तर द्याले लय लेट झाला. हा माझ्याच खात्यात लिही. मले लिहायची सवय नाही, बोलते तसंच लिहून राहिली, तू समजून घे.

चौदा तारखेचा कार्यक्रम चांगला झाला. तुझे मामाच बसले ढोलकवर. कानाले तो मोठा हेडफोन, अन् डबा खिशातल्या पॉवर बँकेवर. कमलेशले मंजिरा दिला, पोरगं खुश होतं. लोक म्हनले, आम्रपालीबाई यंदा लय दमदार गायल्या. गयाबाई तर म्हनली, तुयं वय कमी झालं काय वं.

आता तू विचारलं होतं ते सांगते.

त्याइले आयकू येत नाही हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार वर्षं झाली. मानूस आपल्या जागेवर बसून वाजवते, माझ्या ओठाकडे पाहते, अन् एवढासा मागं राहते. मी काय करनार होती? मी बी एवढीशी मागं राहाले लागली. त्याइची थाप पडू द्याची अन् मंग शब्द सोडाचा. हळूहळू सवयच झाली. लोक म्हनत, आता बाई ठाय लयीत गातात, वजनानं गातात. वजन कायचं, मी वाट पाहून राहिली होती.

ऑक्टोबरात मले भान राहिलं नाही. ते गानं माझं सोताचं होतं, आपल्या नरेशची पोरगी त्याच वर्षी शाळेत गेली होती, अन् मी माझ्या चालीनं निघून गेली. मांगं वळून पाहिलंच नाही. त्याइचा हात सुटला तो त्याच्यानं. त्याइले वाटते हात गेला. हात नव्हता गेला. मी सोडून गेली होती.

म्हनून जवा ते म्हनले ना, आम्रपाली तू लेट होऊन राहिली, तवा मले झोंबलं. डबीचं मले काय माहीत. मले वाटलं, धरलं बा यानं. कावून का लेट तर मी होतीच. चार वर्षांपासून होती. त्याच्याचसाठी होती, अन् तोच माझ्या खात्यात लिहून राहिला.

अन् मंग नवा डबा आला. आता ते माझ्या आवाजाची वाट पाहून थाप देत, अन् मी सवयीनं त्याइच्या थापीची वाट पाहून शब्द देई. दोघं बी एकमेकाले म्हनून राहिलो, तू चाल पुढं. गानं थांबनारच ना. मले हे दुसऱ्या दिवशीच समजलं होतं. पन सांगनार कसं? चार वर्षं मी तुमाले सांभाळून घेत होती, असं त्या मानसाले कोन्या तोंडानं सांगू?

तुझं पत्र आलं, अन् तो रविवार बी आला होता. समितीचे लोक संध्याकाळी येनार होते. हे सकाळपासून आरशासमोर पाठ करून राहिले होते, की आता माझ्याच्यानं होत नाही, कमलेशले बसवा. माझ्यानं पाहवलं नाही. मी जवळ जाऊन सगळं सांगतलं. ते म्हनले, "काय?" मशीन टेबलावर काढून ठेवली होती. मी जोरात सांगतलं. म्हनले, "कायची थाप?" ओरडून ओरडून असं सांगता येते काय, शेजारी आयकतील.

मंग मी डबा लावला. हेडफोन त्याइच्या डोक्यावर बसवला, माइक हातात घेतला, अन् हळू आवाजात सगळं सांगतलं. जसं तुले लिहिलं तसंच. पहिल्या दिवसापासून ते ऑक्टोबरापर्यंत. ते मान खाली घालून आयकत होते. मंग म्हनले, "मले सांगतलं कावून नाही?"

मी माइकात म्हटलं, "तुमाले आयकू कुठं येत होतं?"

ते हसले नाही. मी बी नाही. मी म्हटलं, आता मी थांबनार नाही जी. मी माझ्या चालीनं जाईन. तुमाले आयकू येते, तुमी या मांगून. ते म्हनले, येतो. संध्याकाळी समितीचे लोक आले तवा त्याइनं पाठ केलेलं काहीच म्हटलं नाही, चहा पाजून पाठवून देल्लं.

त्याच्या आधी दुपारी मी माइक ठेवून पोळ्या करायले उठाले लागली, तर त्याइनं हात धरला. हेडफोन काढला नव्हता. म्हनले, "चार वर्षांत आनखी काय काय सांगाचं राहून गेलं तुयं?"

लय आहे, म्हटलं. बसा.

तुझी मामी
आम्रपाली